फौजदारी न्यायव्यवस्थेचं शिक्षण: नाशिकच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘क्रिमिनल जस्टिस’ शिकायचंय. नेमकी कोणती पदवी घ्यायची?

आपल्याकडे हा विषय एका पदवीत बसत नाही. कायदा, क्रिमिनॉलॉजी, फॉरेन्सिक सायन्स आणि समाजकार्य अशा चार वाटांनी तो शिकवला जातो. त्यामुळे आधी पदवीचं नाव शोधू नका, आधी एका गुन्ह्याचा कागद कुठून कुठे जातो ते बघा. पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवली जाते, घटनास्थळाचा पंचनामा होतो, साक्षीदारांचे जबाब होतात, मुद्देमाल प्रयोगशाळेत जातो, दोषारोपपत्र कोर्टात दाखल होतं, साक्षीपुरावा होतो, निकाल लागतो, आणि पुढे तुरुंग, अपील किंवा प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुटका). या वाटेवर कुठल्या टप्प्यावर काम करायला आवडेल, हे ठरलं की पदवी आपोआप ठरते. कोर्टात उभं राहायचं असेल तर एलएल.बी.ला पर्याय नाही. प्रयोगशाळेत जायचं असेल तर अकरावीलाच विज्ञान शाखा हवी. कैदी, बालगुन्हेगार किंवा पीडितांसोबत काम करायचं असेल तर समाजकार्य. गुन्हा का घडतो आणि शिक्षेने नेमकं काय साधतं, या प्रश्नांत रस असेल तर क्रिमिनॉलॉजी.

नाशिकमध्ये राहून कायदा शिकता येईल का?

येईल. एन.बी.ठाकूर, मविप्र आणि नवजीवन ही शहरातली जुनी, ओळखीची लॉ कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. दोन्हींसाठी किमान टक्केवारीची अट आहे: खुल्या प्रवर्गाला ४५, इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. कोणत्या कॉलेजात कोणता अभ्यासक्रम आणि किती जागा, हे त्या वर्षीच्या प्रवेश माहितीपत्रकातच बघा. गेल्या वर्षीच्या मुलाने सांगितलेलं यंदा लागू होईलच असं नाही.

सीईटी दिली, गुणही चांगले आले, तरी प्रवेश हुकतो तो कशामुळे?

बहुतेक वेळा कागदपत्रांमुळे. राज्य सीईटी कक्षाची लॉ सीईटी तशी सरळ असते. वस्तुनिष्ठ प्रश्न, दोन तास वेळ, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. घोळ होतो तो नंतर. सीईटीचा अर्ज आणि कॅप फेरीची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाच्या यादीत नाव आलंच, असं समजून मुलं थांबतात आणि नोंदणीची मुदत निघून जाते.

दुसरी अडचण जात वैधता प्रमाणपत्राची. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता प्रमाणपत्र वेगळं. ते मिळायला वेळ लागतो, त्यामुळे निकालाची वाट न बघता आधीच अर्ज करून ठेवा. नॉन-क्रिमिलेअरची वैधता ३१ मार्चला संपते, म्हणजे मागच्या वर्षी काढलेला दाखला यंदाच्या प्रवेशाला चालेलच असं नाही. दाखला हातात घ्या आणि त्यावरची तारीख स्वतः वाचा.

नोकरी करता करता किंवा घरबसल्या करता येईल का?

पत्राने किंवा ऑनलाइन केलेल्या एलएल.बी.वर वकिलीची सनद मिळत नाही. कुणी तशी जाहिरात दाखवली तर पैसे भरू नका. नियमित अभ्यासक्रमाला प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते, आणि अगदी अपवादात्मक कारण असेल तरच ती ६५ टक्क्यांपर्यंत सैल होते. अंबड किंवा सातपूरच्या कंपनीत पाळीचं काम करणाऱ्याने हे गणित प्रवेशाआधीच मांडावं, कारण सत्र संपताना हजेरी कमी पडली तर अडचण होते.

सनद नको, फक्त विषय समजून घ्यायचाय, असं असेल तर मुक्त विद्यापीठांचे पर्याय बघा. इग्नूची फौजदारी न्याय विषयातली पदव्युत्तर पदविका पोलीस, तुरुंग किंवा महिला-बालविकास विभागात आधीपासून काम करणाऱ्यांना उपयोगी पडते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं तर मुख्यालयच नाशिकला आहे. पदवी अर्धवट राहिलेल्यांनी तिथून ती पूर्ण करावी, पण तीन वर्षांच्या लॉला ती पदवी कोणत्या अटींवर चालते, हे त्या वर्षीच्या सीईटी नियमांत तपासून घ्यावं.

त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत प्रवेश कसा घ्यायचा?

प्रवेश घेता येत नाही. महाराष्ट्र पोलीस अकादमी हे निवड झालेल्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, कॉलेज नव्हे. एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवड झाली की प्रशिक्षणासाठी तिथे पाठवतात. त्या परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, कायद्याची सक्ती नाही. मात्र पदवीत फौजदारी कायदा शिकलेला उमेदवार पुढे तपासात कमी चुकतो. फिर्याद लिहून घेतानाच कुठलं कलम सिद्ध करायला काय काय लागेल, हे त्याच्या डोक्यात असतं.

नवीन कायदे आले, मग भारतीय दंड संहिता शिकायची कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, आणि याचं उत्तर नीट समजलं नाही तर पुढची पाच वर्षं गोंधळ राहील.

१ जुलै २०२४ पासून तीन नवे कायदे लागू झाले. दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. दंड संहितेत ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. पण गुन्हा कधी घडला त्यावर कलम ठरतं. ३० जून २०२४ च्या रात्री झालेल्या खुनाला आजही दंड संहितेचं कलम ३०२ च लागतं, मग फिर्याद नंतर का दाखल होईना. अशा प्रकरणात फिर्याद १ जुलैनंतर आली तर गुन्ह्याचं कलम जुनं आणि तपासाची पद्धत नवी, असा कागद तयार होतो. आज कोर्टात चालू असलेल्या कितीतरी प्रकरणांत जुनीच कलमं आहेत, आणि ती अनेक वर्षं राहणार आहेत. दोन्ही शिकावं लागणारच.

पाठ करताना आकड्यांचा फसवा सारखेपणा सांभाळा. खून आता कलम १०३, खुनाचा प्रयत्न १०९, चोरी ३०३, पतीकडून होणारा छळ ८५, निष्काळजीपणाने मृत्यू १०६. फसवणुकीचं ४२० आता ३१८ च्या पोटकलम ४ मध्ये आहे. न्याय संहितेतही ३०२ हे कलम आहे, पण ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दलचं आहे. न्याय संहितेतलं ३०४ म्हणजे हिसकावून नेणं, म्हणजेच मंगळसूत्र चोरीसारख्या घटनांचं नवं कलम. सवयीने ‘३०२ चा आरोपी’ असं लिहिलं आणि कायद्याचं नाव लिहिलं नाही, तर उत्तरपत्रिकेतही गुण जातात आणि अर्जातही चूक होते. कलमाच्या आधी कायद्याचं नाव लिहायची सवय पहिल्या सत्रापासून लावून घ्या.

प्रक्रियेतले मुद्देही नवे आहेत. फिर्यादीचं प्रक्रिया संहितेतलं जुनं १५४ आता नागरिक सुरक्षा संहितेत १७३ आहे. हद्द कुठली का असेना, फिर्याद घ्यावी लागते, तीच झिरो एफआयआर. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक पथकाने घटनास्थळी जायची तरतूद कलम १७६ मध्ये आहे, आणि झडती-जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ मध्ये. नुसत्या तक्त्यावरून जुन्या-नव्याच्या जोड्या पाठ केल्या तर हे बदल निसटतात. मूळ कायद्याचं साधं पुस्तक घ्या, समासात पेन्सिलीने जुनं कलम लिहा. गाइड नंतर.

कोर्टात जाऊन बसलं तर चालतं का? कुणी बाहेर काढेल का?

चालतं, आणि जायलाच हवं. फौजदारी खटला खुल्या कोर्टात चालतो, हा कायदाच आहे. अपवाद बलात्काराच्या आणि पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्याखालच्या, खटल्यांचा; ते बंद दाराआड चालतात, तिथे बसू नका. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जाताना ओळखपत्र ठेवा, साधे नीटनेटके कपडे घाला, फोन बंद करा. कोर्टात काहीही रेकॉर्ड करायचं नाही. शिपायाला किंवा कोर्ट क्लार्कला ‘विद्यार्थी आहे, कामकाज बघायला आलोय’ एवढं सांगून मागच्या बाकावर बसा.

कुठल्या कोर्टात बसावं, हे आधी ठरवा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत शिक्षा देऊ शकतात, मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत, आणि सत्र न्यायालय कुठलीही शिक्षा, मात्र फाशीला उच्च न्यायालयाची मंजुरी लागते. पहिल्या आठवड्यात दंडाधिकाऱ्यांकडे बसा. तिथे एका सकाळीच रिमांड, जामीन, समन्स, तडजोड असं सगळं दिसतं. सत्र न्यायालयात एकेक साक्ष लांब चालते, ते समजायला थोडी तयारी लागते. निफाड किंवा मालेगाव भागातल्या मुलांना रोज नाशिकला यायची गरज नाही, तिथेही सत्र खटले चालतात.

मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती एकाच जागी. ती रोज वेगळं कोर्ट बघतात. त्यापेक्षा एकच खटला धरा. बाहेर लावलेल्या बोर्डावरून खटल्याचा नंबर घ्या, ई-कोर्ट्स ॲपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर शोधून जतन करा, म्हणजे पुढची तारीख कळत राहते. तारीख पडते, साक्षीदार येत नाही, पुन्हा तारीख पडते. वैताग येतो, पण फौजदारी न्याय उशिराने का मिळतो, ते तिथे बसूनच कळतं. वहीत दर तारखेला चार गोष्टी लिहा: काय व्हायचं होतं, काय झालं, झालं नसेल तर का, आणि कोर्टाने काय हुकूम केला.

अभ्यासक्रमातही याला गुण आहेत. मूट कोर्ट (सरावासाठीचा लुटुपुटूचा खटला) आणि इंटर्नशिपच्या पेपरमध्ये तीन मूट मिळून ३० गुण, दोन खटल्यांच्या निरीक्षणाला (एक दिवाणी, एक फौजदारी) ३०, अशिलाच्या मुलाखती आणि खटलापूर्व तयारीला ३०, तोंडी परीक्षेला १०. मित्राची जर्नल उतरवून घेतली तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला पकडले जाता: साक्षीदार कुठल्या बाजूला उभा होता?

दोषारोपपत्र हातात आलं तर ते वाचायचं कसं?

वरिष्ठ वकिलांच्या ऑफिसात गेलात की पहिलं काम हेच मिळतं. शंभर-दोनशे पानांचा गठ्ठा असतो आणि नवा माणूस पहिल्या पानापासून वाचत सुटतो. तसं करू नका. आधी फिर्याद वाचा. मग एका कागदावर उभी रेघ मारून डावीकडे तारखा-वेळा लिहा: घटना कधी, फिर्याद कधी, पंचनामा कधी, अटक कधी, मुद्देमाल लॅबला कधी गेला, अहवाल कधी आला. उजवीकडे प्रत्येक नोंदीचा पान क्रमांक. फौजदारी खटल्याची अर्धी ताकद आणि अर्धी कमजोरी या तारखांत असते.

उदाहरण म्हणून जप्तीचा पंचनामा घ्या. त्यात बघायचं ते असं. सुरू आणि संपल्याची वेळ आहे का? दोन पंचांची नावं, वय, पत्ते आहेत का, आणि ते त्या भागातले आहेत की दर वेळी तेच ठरलेले? जागेची चतुःसीमा लिहिली आहे का? वस्तूचं वर्णन नेमकं आहे का? ‘एक चाकू’ आणि ‘लाकडी मुठीचा, पात्याला रक्तासारखे डाग असलेला चाकू’ यांत कोर्टात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पाकीट कागदी की प्लास्टिकचं? रक्त लागलेला ओला कपडा प्लास्टिकमध्ये बांधला तर त्याला बुरशी येते आणि नमुना खराब होतो. तो वाळवून कागदात ठेवायचा असतो. लाखेचं सील केलं का, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का? मग प्रयोगशाळेचा अहवाल काढा आणि ‘सील शाबूत होतं’ असं त्यात लिहिलंय का ते बघा. पंचनाम्यात सीलचा उल्लेखच नसेल, तर लॅबला पोचलेली वस्तू तीच कशावरून, हा प्रश्न उलटतपासात येणारच. मुद्देमाल ठाण्यात किती दिवस पडून होता आणि कुणाच्या ताब्यात होता, हेही त्याच धाग्यातलं. पंच फितूर झाला तर हाच कागद तपास अधिकाऱ्याच्या साक्षीवर उभा राहतो.

सीसीटीव्ही किंवा मोबाइल असेल तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र शोधा. त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीत दिलाय, भाग अ आणि भाग ब अशा दोन तुकड्यांत, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. पेन ड्राइव्ह जोडलाय पण प्रमाणपत्र नाही, अशी प्रकरणं भरपूर असतात.

निकाल कुठले वाचायचे?

थोडे वाचा, पण पूर्ण वाचा. गाइडमधल्या चार ओळींच्या सारांशाने विचार कसा करायचा ते कळत नाही. सुरुवात महाराष्ट्रातूनच निघालेल्या खटल्यांनी केली तर जागा, माणसं, परिस्थिती ओळखीची वाटते. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) मध्ये परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रं आहेत, ती आजही रोज उद्धृत होतात. अर्जुन पंडितराव खोतकर (२०२०) हे प्रकरण जालन्याच्या निवडणुकीचं, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा वाद त्यात मिटला. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७९), म्हणजे मथुरा प्रकरण, मन घट्ट करून वाचा. ठाण्यातच मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप असलेल्या पोलिसांच्या सुटकेनंतर देशभर उठलेल्या संतापातून १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. न्यायालयही चुकू शकतं आणि समाज ती चूक दुरुस्त करायला लावू शकतो, हे त्यातून जितकं समजतं तितकं कुठल्याही व्याख्यानातून समजत नाही. यानंतर फिर्याद नोंदवण्याबद्दल ललिता कुमारी (२०१३) आणि अटकेबद्दल अर्नेश कुमार (२०१४).

इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल. सीईटीचे प्रश्न इंग्रजी-मराठी दोन्हींत असतात, आणि जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांचा व तालुका कोर्टांचा बराच कागद मराठीच असतो. फिर्याद, जबाब, पंचनामा, सगळं मराठीत. उलट मराठी कच्चं असलेल्या मुलांची तिथे पंचाईत होते. पण उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत असतात, तेव्हा रोज निकालाचं एक पान मोठ्याने वाचा आणि त्याचा अर्थ मराठीत तीन ओळींत लिहा. सरतपास, उलटतपास, दखलपात्र, मुचलका हे शब्द दोन्ही भाषांत पक्के करा.

इंटर्नशिप कुठे आणि किती?

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २०. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे शेवटच्या वर्षावर सगळं ढकलू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आधी विचारा. गरीब आरोपींना मोफत वकील कसा मिळतो, लोकअदालत कशी चालते, ते तिथे दिसतं.

नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात प्रकल्प करता येईल का?

थेट गेटवर जाऊन नाही. कॉलेजच्या पत्रासह तुरुंग प्रशासनाकडे लेखी अर्ज करावा लागतो. विषय, प्रश्नावली, विद्यार्थ्यांची नावं, तारखा, सगळं जोडून. परवानगीला वेळ लागतो म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच अर्ज करा, आणि न मिळाल्यास हाताशी दुसरा विषय ठेवा. कैद्याला ‘तू काय केलंस’ असं विचारायचं नाही. त्याचा खटला चालू असू शकतो.

देशातल्या कैद्यांत साधारण तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे याआधी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर जामिनावर सुटायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त प्रकरणं चालू असलेले आरोपी यात येत नाहीत. ही तरतूद प्रत्यक्षात कशी पोचते, हा पदवीच्या पातळीवर फार चांगला प्रकल्प आहे, आणि तो तुरुंगाबाहेर राहूनही करता येतो.

गुन्ह्यांच्या आकडेवारीवर प्रबंध लिहायचाय. काय सांभाळायचं?

एनसीआरबीचे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, आकडे नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात, घडलेल्या नव्हे. आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढले किंवा नोंद सुधारली, दोन्ही शक्य असतं. शिवाय एका फिर्यादीत अनेक गुन्हे असतील तर त्यातला सगळ्यात गंभीर तेवढाच मोजतात. खून आणि चोरी एकत्र असेल तर चोरी आकड्यात दिसत नाही. शहराची तुलना खेड्याशी करताना नुसता आकडा नाही, लोकसंख्येमागचा दर घ्या. नाशिक शहर पोलीस आयुक्तालय आणि नाशिक ग्रामीण यांचे आकडे वेगळे येतात. ते मिसळले की सगळा निष्कर्षच चुकतो.

फॉरेन्सिकसाठी?

बारावी विज्ञान, रसायनशास्त्र पक्कं. मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, आणि गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ. नाशिकमध्ये प्रादेशिक प्रयोगशाळा आहे, पण ती शिकवत नाही, तपासणी करते.

टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकताना पंचवटी एक्स्प्रेसने रोज ये-जा जमेल का?

नाही. नाशिक रोड ते सीएसएमटी एका बाजूला साडेतीन तासांच्या आसपास, पुढे देवनार. वर्गाखेरीज फील्डवर्कही असतं. मुंबईत राहायची सोय धरूनच अर्ज करा. तिथला क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिसचा समाजकार्याचा अभ्यासक्रम मात्र तेवढी दगदग करण्याच्या लायकीचा आहे.

लॉ झाल्यावर लगेच न्यायाधीश होता येतं का?

आता नाही. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. हा काळ तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून निकाल लागताच बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करा. सहा महिने रेंगाळलात तर तेवढीच पात्रता पुढे जाते. ही तात्पुरती नोंदणी कायम होण्यासाठी द्यायच्या ऑल इंडिया बार परीक्षेत १०० प्रश्न असतात, खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के लागतात. टिपणं नसलेली मूळ कायद्यांची पुस्तकं नेता येतात. समासात पेन्सिलीने लिहिलेली ती अभ्यासाची प्रत मात्र घरीच ठेवा, परीक्षेसाठी कोरी वेगळी घ्या.

अत्याचाराच्या केसेस वाचून झोप लागत नाही. हे माझ्यासाठी नाही का?

त्रास होणं ही कमजोरी नव्हे. शवविच्छेदन अहवाल किंवा लहान मुलाचा जबाब वाचून काहीच वाटत नसेल तरच काळजी करा. अशी कागदपत्रं रात्री वाचू नका, सलग वाचू नका, आणि वाचल्यावर कुणाशी तरी बोला. मात्र बोलताना पीडितेचं नाव, गाव, शाळा काहीही सांगायचं नाही. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि बालकांसाठी पोक्सोमध्ये वेगळी तरतूद आहे. जर्नल आणि प्रकल्पात ‘पीडिता’, ‘साक्षीदार क्र. १’ असंच लिहा. मूट कोर्टचे कागद झेरॉक्सच्या दुकानात विसरून येऊ नका, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिर्यादीचा फोटो टाकू नका. तो कुठे पोचेल, ते आपल्या हातात राहत नाही.